पाळीव कुत्र्याचा विमा : भुसावळहून केलेल्या एका दाव्याचा अनुभव

कुत्र्याचा विमा काढला आहे असे भुसावळमध्ये कोणाला सांगितले, की पहिला प्रश्न येतो तो ‘पैसे खरोखर मिळतात का?’ हा. मिळतात. आमच्या राणीच्या, म्हणजे पाच वर्षांच्या लॅब्राडॉर मादीच्या, आजारपणावर ९,५५० रुपये खर्च झाले आणि त्यांपैकी ६,९३९ रुपये खात्यात जमा झाले. मात्र ही रक्कम दोन टप्प्यांत आली आणि दावा दाखल केल्यापासून पूर्ण मिळेपर्यंत ८० दिवस गेले. कंपनीचे नाव येथे देत नाही. कागदपत्रांचा हा मार्ग कोणत्याही कंपनीकडे गेले तरी थोड्याफार फरकाने चालावाच लागतो, म्हणून तोच सविस्तर लिहितो.

मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना राणीने खाणे सोडले. उन्हाळ्यात आमच्याकडे गोचिडांचा उपद्रव फार वाढतो. भिंतींच्या फटींत आणि शेजारच्या गोठ्यांत त्या दडून असतात आणि कुत्र्याच्या कानामागे किंवा बोटांच्या बेचक्यात चिकटतात. रक्ततपासणीत प्लेटलेट ३८,००० पर्यंत उतरलेल्या आढळल्या आणि गोचीड तापाचे निदान झाले. चार दिवस सलाइन आणि त्यानंतर २८ दिवस डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या, असा उपचार झाला. राणी बरी झाली, हे आधी सांगतो, कारण पुढचा सगळा मजकूर कागदांविषयीचा आहे.

पाळीव प्राण्यांच्या विम्यात आपल्याकडे बहुतांशी प्रतिपूर्तीची पद्धत आहे. आधी खिशातून खर्च करावा लागतो, मग बिले पाठवून तो परत मागायचा असतो. आमच्या पॉलिसीत उपचार सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवण्याची अट होती. ती अट मी पॉलिसी घेतली त्याच दिवशी वाचून फ्रिजवर चिकटवून ठेवली होती, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी ई-मेल गेला आणि दाव्याचा क्रमांक मिळाला. माझ्या मते संपूर्ण व्यवहारातील सर्वांत उपयोगाचे काम हेच ठरले.

खरी अडचण बिलांची होती. कंपनीच्या अर्जात गृहीत धरलेला दवाखाना हा संगणकावर बिल काढणारा, मोठ्या शहरातील दवाखाना आहे. आमचे डॉक्टर निदानात अतिशय पक्के, पण त्यांचे बिल म्हणजे लहानशा वहीतले पान. त्यावर तारीख, ‘सलाइन व इंजेक्शन, रु. ६००’ आणि सही, एवढेच. मी सविस्तर बिल मागितले तेव्हा ते म्हणाले, “भाऊ, माझ्याकडे दिवसभर गायी-म्हशी येतात, त्यांच्या मालकांपैकी कोणी आजवर बिल मागितलेले नाही. काय काय लिहायचे ते तुम्हीच सांगा.” मी पॉलिसीतील यादी वाचून दाखवली: प्राण्याचे नाव, जात व वय, मायक्रोचिपचा (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेल्या चिपचा) १५ अंकी क्रमांक, निदान, प्रत्येक दिवसाचा उपचार वेगळा, आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक. हा शेवटचा क्रमांक नागपूरच्या महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा असतो आणि त्याच्याविना कागद पुढे सरकत नाही. खेड्यापाड्यांत अनेकदा पहिला उपचार नोंदणीकृत पशुवैद्यक नसलेले पशुधन पर्यवेक्षक करतात. अशा ठिकाणच्या वाचकांनी विमा घेण्यापूर्वी नोंदणीकृत पशुवैद्यक किती अंतरावर आहेत, हे अवश्य पाहावे.

दावा १७ जून रोजी पाठवला. त्यानंतर त्रुटींचे ई-मेल सुरू झाले, आणि माझी मुख्य तक्रार येथेच आहे. पहिल्या ई-मेलमध्ये लसीकरणाचे कार्ड मागितले. पार्व्हो किंवा डिस्टेंपरसारखा लसीने टळणारा आजार असता तर ही मागणी योग्य होती. गोचीड तापावर मात्र लसच उपलब्ध नाही. तरीही कार्ड पाठवले. आठ दिवसांनी रक्ततपासणीच्या अहवालाची स्वच्छ प्रत मागितली, आणि आणखी आठ दिवसांनी रद्द केलेला धनादेश, जो मी मूळ अर्जासोबतच जोडला होता. हे सर्व एकाच पत्रात मागता आले असते. सुटे सुटे प्रश्न विचारल्यामुळे दर वेळी आठवडा वाया जातो आणि बिल भरून बसलेल्या माणसाच्या मनात पैसे बुडाले की काय, अशी शंका घर करते.

२६ जुलैला ४,७७९ रुपये जमा झाले. हिशेब मागवला तेव्हा तो स्पष्ट शब्दांत मिळाला, याचे श्रेय कंपनीला द्यायला हवे. गोचिडांसाठीचा १,२०० रुपयांचा पट्टा प्रतिबंधात्मक म्हणून आणि ६४० रुपयांचे यकृताचे टॉनिक पूरक आहार म्हणून वगळले होते. हे दोन्ही अपवाद पॉलिसीत लिहिलेले होते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. परंतु सलाइनची २,४०० रुपयांची चारही बिले ‘प्राण्याची ओळख पटत नाही’ या कारणाने नाकारली होती. झाले असे, की डॉक्टरांनी एकत्रित प्रमाणपत्रावर चिपचा क्रमांक लिहिला होता, रोजच्या चार कागदांवर मात्र तो राहून गेला होता. उरलेल्या ५,३१० रुपयांतून पॉलिसीधारकाचा १० टक्के वाटा वजा करून वरील रक्कम आली होती.

मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज केला आणि त्यासोबत डॉक्टरांचे पत्र जोडले, ज्यात चारही बिलांच्या तारखा, राणीचे नाव आणि चिपचा क्रमांक एकत्र दिलेला होता. फोनवर तीन वेळा बोलून जे झाले नाही ते या एका पानाने झाले. ५ सप्टेंबरला उरलेले २,१६० रुपये आले. ते आले नसते तर पुढची पायरी विमा लोकपालांची होती. कंपनीने अर्ज फेटाळला, किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर तेथे विनाशुल्क दाद मागता येते. आपल्या खान्देशातील तक्रारी पुणे कार्यालयाच्या कक्षेत येतात.

वर्षाचा हप्ता वस्तू व सेवा करासह ४,३६६ रुपये होता, म्हणजे या वर्षी आमचा फायदाच झाला. पण दाव्याविना कोरडे गेलेले वर्षही धरून चालायला हवे. ज्यांच्याकडे एकच कुत्रा आहे, जवळ नोंदणीकृत डॉक्टर आहेत आणि प्रत्येक चिठ्ठी जपून ठेवण्याची शिस्त आहे, त्यांना मी हा विमा घ्यायला सांगेन. डॉक्टर लिहून द्यायला तयार नसतील तर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आम्ही पॉलिसीचे नूतनीकरण केले. नवे कागदपत्र आल्यावर जळगावला, जेथे चिप बसवली होती त्याच दवाखान्यात राणीला नेले, यंत्राने क्रमांक पुन्हा वाचून घेतला आणि पॉलिसीवरील १५ अंकांशी एकेक करून ताडून पाहिला. अकरावा अंक चुकीचा छापला होता. तो दुरुस्त करून घ्यायला चार दिवस लागले.