कोथिंबीर वाळवायची की गोठवायची?

थंडीत कोल्हापूरच्या कपिलतीर्थ मंडईत कोथिंबिरीच्या हिरव्यागार पेंढ्या स्वस्तात मिळतात. भर पावसाळ्यात तीच पेंढी महाग, चिखलानं माखलेली आणि घरी आणल्यावर लगेच सडायला लागणारी. स्वस्ताईत घेऊन वर्षभर पुरवायची, तर वाळवण आणि फ्रीझर हे दोन सरळ मार्ग आहेत. माझं मत असं की एकच पद्धत सगळ्या पाल्याला लावू नये.

कोथिंबीर वाळवू नका. तिचा वास ज्या तेलांमुळे येतो ती वाळताना उडून जातात आणि हाती बेचव हिरवा चुरा राहतो. गोठवली तर वास बराच टिकतो. निवडून, धुऊन, फडक्यावर पसरून अगदी कोरडी करा. मग बारीक चिरून बर्फाच्या ट्रेत भरा, वर थोडं पाणी किंवा तेल घाला. वड्या घट्ट झाल्या की पिशवीत काढा आणि पिशवीतली हवा दाबून बाहेर घालवा, नाहीतर पाला फ्रीझरमध्येही सुकतो. या वड्या तांबड्या रश्श्यात, आमटीत, वाटणात बिनधास्त घाला. मिसळीवर भुरभुरायला मात्र त्या चालणार नाहीत. गोठताना पानातल्या पाण्याचा बर्फ होतो, पेशी फुटतात आणि वितळल्यावर पान लिबलिबीत होतं. मिसळीला ताजीच कोथिंबीर हवी, मग एक पेंढी महागात घ्यावी लागली तरी चालेल.

मेथी आणि पुदिन्याचं गणित उलटं. दोन्ही छान वाळतात, फ्रीझरची जागा अडवत नाहीत आणि वाळलेल्या मेथीला स्वतःची वेगळी चव येते. पाला उन्हात टाकू नका. रंग आणि वास दोन्ही जातात. वारा खेळेल अशा सावलीत सुती कापडावर पातळ पसरा. मेथी थंडी सरता सरता घ्या, पुदिना मार्च-एप्रिलमध्ये वाळवा. मे महिन्यात वळीव कधी गाठेल याचा भरवसा नाही आणि जूननंतर आपल्याकडच्या दमट हवेत पान धड वाळतच नाही, बुरशी धरतं. चिमटीत धरल्यावर कुरकुरीत चुरा झाला तरच काचेच्या बरणीत भरा. पावसाळ्यात बरणी गॅसजवळ ठेवू नका आणि ओला चमचा तर अजिबात नको. वापरताना ताज्या पाल्याच्या साधारण एक तृतीयांश घ्या.

कढीपत्ता दोन्हीकडे टिकतो, पण गोठवलेला अधिक वासाचा. फोडणीत टाकताना झाकण हाताशी असू द्या, बर्फाचा कण असला तर तेल उडतं. परसात झाड असेल तर हा खटाटोपच नको.

तिसरा मार्ग आपल्या घरांत आधीपासून आहे. कांदा-लसूण चटणीत बऱ्याच घरी कोथिंबीर तेलात कुरकुरीत परतून घालतात. पाण्याचा अंश गेलेला, वर भरपूर मीठ आणि मिरची, म्हणून ती वर्षभर टिकते. चटणी करणारच असाल तर दोन-चार पेंढ्या तिथे खपवा. त्यात ताज्या पाल्याचा वास शोधू नका, ती चव खमंगपणाची.

कच्चा पाला किंवा लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवणं मात्र धोक्याचं आहे. तेलाखाली हवा नसते, पाल्यात ओल असते आणि अशा जागी बोट्युलिझमचं जीवघेणं विष तयार होऊ शकतं. वासावरून किंवा चवीवरून ते कळत नाही. तेलातला पाला एकतर गोठवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवून तीन-चार दिवसांत संपवा.

विजेचाही विचार करा. 2019 आणि 2021 च्या महापुरात शहराच्या अनेक भागांत वीज गेली होती. गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण दोन दिवस थंड राहतो, अर्धा भरलेला एक दिवस. फ्रीजच्या आतला छोटा कप्पा त्याआधीच वितळतो. नदीकाठच्या भागात राहत असाल किंवा घरी तसा छोटाच कप्पा असेल, तर तिथे फक्त कोथिंबीर ठेवा, तीही दोन-तीन महिन्यांपुरती. बाकी सगळं बरणीत.