ठाणेकरांनी विमान कुठून पकडावं: सहार की उलवे?

सहार म्हणजे मुंबईचा जुना विमानतळ (सांताक्रूझही त्यातच), उलवे म्हणजे नवी मुंबईचा नवा. तिकिटाचे भाव सारखेच दिसले की घरात वाद सुरू होतो. जाहिराती बाजूला ठेवू.

धावपट्टी: सांताक्रूझचा तळ दुसऱ्या महायुद्धातला. सहारचं टर्मिनल १९८१ चं, आताचं टी-२ (टर्मिनल २) २०१४ चं. जागा तीच, वाढायला वाव नाही. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत; गर्दीत विमान आकाशात घिरट्या घालतं ते यामुळेच. पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस दुपारी दोन्ही बंद ठेवून डागडुजी होते. उलव्याला टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून ३,७०० मीटरची धावपट्टी केली. डिसेंबर २०२५ पासून उड्डाणं सुरू झाली. समांतर दुसरी पुढच्या टप्प्यात.

पोहोचणं: घोडबंदर, मुलुंडकरांना जेव्हीएलआरमार्गे (जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता) सहार, कोंडी मात्र गृहीत धरा. कळवा, ऐरोली, वाशीकरांना ठाणे-बेलापूर रस्त्याने उलवे सोपं.

घोळ: तिकिटावरचा कोड वाचा. बीओएम म्हणजे जुना, एनएमआय म्हणजे नवा. बीओएममध्येही टी-१ सांताक्रूझला, टी-२ सहारला, मध्ये चारेक किलोमीटर रस्ता. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जायचं असं तिकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. खाडी ओलांडून सामान तुम्हालाच न्यावं लागेल.

परदेशी जायचं किंवा पुढचं विमान जोडून असेल तर सहार. बेलापूर, पनवेल, कळव्यात राहत असाल आणि थेट देशांतर्गत विमान मिळत असेल तर उलवे. घोडबंदरवाल्यांनी उलव्याचा विचार फक्त पहाटेच्या विमानासाठी करावा.