उत्तर ध्रुव की दक्षिण ध्रुव: पैसे भरण्याआधी

ध्रुवावर जायचे म्हटले की पहिला घोळ नावाचाच होतो. पृथ्वीच्या आसाची दोन टोके म्हणजे भौगोलिक ध्रुव, आणि सहली जातात त्या तिथेच. चुंबकसूची जिथे जमिनीशी काटकोन करून उभी राहते, ते चुंबकीय ध्रुव. हे जागचे हलतात, कारण पृथ्वीच्या बाह्य गाभ्यातले वितळलेले लोखंड सतत वाहत असते. १८३१ मध्ये जेम्स क्लार्क रॉस यांना उत्तरेचा चुंबकीय ध्रुव कॅनडातल्या बूथिया द्वीपकल्पावर, ७० अंश अक्षांशाजवळ सापडला होता. आज तो ८६ अंशांजवळ असून सैबेरियाच्या दिशेने सरकतो आहे. दक्षिणेचा तर अंटार्क्टिका खंडावरही नाही. एडेली किनाऱ्यापलीकडे समुद्रात, ६४ अंशांजवळ आहे.

यामुळे एक गंमत होते. उत्तर ध्रुवावर होकायंत्र जवळजवळ निकामी ठरते: चुंबकीय ध्रुव जवळ असल्याने सुईला आडवे फिरवणारा जोरच उरत नाही, ती डुलत राहते. दक्षिण ध्रुवापासून चुंबकीय ध्रुव सुमारे २,९०० किलोमीटर दूर, म्हणून तिथे ते व्यवस्थित चालते. मात्र उत्तर गोलार्धासाठी तोललेले होकायंत्र नेऊ नका. तोल साधायला सुईच्या दक्षिण टोकाला वजन दिलेले असते. दक्षिणेत तेच टोक आधीच खाली खेचले जाते, त्यात हे वजन, म्हणजे सुई तळाला घासून अडकते. दोन्ही गोलार्धांत चालणारे ‘ग्लोबल नीडल’ प्रकारचे घ्या.

आता प्रवास. उत्तर ध्रुवावर जमीन नाही. दोन-तीन मीटर जाडीचा तरंगता बर्फ, खाली चार किलोमीटरहून खोल समुद्र. उन्हाळ्यात रशियाच्या मुर्मान्स्कहून अणुऊर्जेवर चालणारे बर्फफोडे जहाज जाते. जाऊन-येऊन साधारण दोन आठवडे. तापमान शून्याच्या आसपास, उंचीचा त्रास नाही, केबिन उबदार. ध्रुव गाठला हे फक्त जीपीएसवरच कळते, आणि बर्फ वाहत असल्याने जेवण उरकेपर्यंत तुम्ही ध्रुवावरून सरकलेले असता.

दक्षिण ध्रुव उलट: समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंच, पायाखाली अडीच किलोमीटरहून जाड बर्फ. चिलीतल्या पुंता अरेनासहून विमान अंटार्क्टिकातल्या युनियन ग्लेशियर या हिमनदीवरच्या निळ्या बर्फाच्या धावपट्टीवर उतरते, तिथून स्कीवाल्या छोट्या विमानाने पुढे. हंगाम डिसेंबर-जानेवारी, पारा उणे २५ ते ३०. ध्रुवांवर हवेचा दाब इतरत्र त्याच उंचीवर असतो त्यापेक्षा कमी असल्याने शरीराला उंची ३,००० मीटरच्या वर वाटते. डोकेदुखी, धाप आणि झोप न येणे हे नेहमीचेच. धावपट्टीवर आडवा वारा सुटला की उड्डाण थांबते, कधी कित्येक दिवस. परतीच्या तिकिटाआधी आठवडाभर मोकळा ठेवा आणि वैद्यकीय विमानाने हलवण्याचा खर्च विम्यात आहे ना, ते वाचून घ्या. इथला बर्फही वर्षाला सुमारे दहा मीटर सरकतो, म्हणून ध्रुवाची खूण दर १ जानेवारीला नव्याने रोवतात. खर्च उत्तरेपेक्षा बराच जास्त.

हृदय-फुप्फुसाचा त्रास असेल किंवा सुट्टी मोजकी असेल तर उत्तर निवडा. पायाखाली खंड हवा आणि थांबण्याची तयारी असेल तर दक्षिण.

प्राणी पाहायचे असतील तर मात्र दोन्ही ध्रुव विसरा. पेंग्विन दक्षिण ध्रुवावर नसतात, किनाऱ्यावर असतात. त्यासाठी अर्जेंटिनातल्या उश्वायाहून अंटार्क्टिक द्वीपकल्पाची दहा-बारा दिवसांची सफर पुरते. तीत ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला जाताना-येताना दोन-दोन दिवस लागतात. मळमळीचे औषध लाटा सुरू होण्याआधी घ्यायचे. एका वेळी शंभरच प्रवासी किनाऱ्यावर उतरतात, म्हणून छोटे जहाज निवडा. पाचशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजावरून उतरताच येत नाही. ध्रुवीय अस्वलासाठी उत्तरेतला नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह.

ध्रुवप्रकाशही या सहलींत दिसत नाही. चोवीस तास ऊन असते, आणि तो प्रकाश चुंबकीय ध्रुवावर नव्हे, त्याभोवतीच्या कड्यात सर्वाधिक दिसतो. त्यासाठी सप्टेंबर ते मार्चमध्ये नॉर्वेचे ट्रोम्सो.