मॅडिसन की हेन्रीज फोर्क: मुक्काम एक, नदी कोणती?

यलोस्टोन पार्कच्या दाराशी असलेल्या वेस्ट यलोस्टोन गावात मुक्काम टाकला की दोन्ही नद्या साधारण पाऊण तासावर येतात, आणि तिथेच घोळ सुरू होतो. एकीकडे मोंटानातली मॅडिसन, दुसरीकडे आयडाहोतली हेन्रीज फोर्क. अमेरिकेतल्या आपल्या बऱ्याच घरांत बेत ठरलेला असतो: आई-बाबा भारतातून आलेत, त्यांना यलोस्टोन दाखवायचं आणि त्यातूनच दोन-तीन दिवस फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे पिसांची कृत्रिम माशी (फ्लाय) टाकून ट्राउट मासे गरवण्यासाठी काढायचे. एवढ्या वेळात दोन्ही नद्या करू म्हणाल तर एकही धड होत नाही. लायसन्सही दोन राज्यांची वेगवेगळी, आणि यलोस्टोन पार्कच्या हद्दीत टाकायचं तर त्याचा परवाना तिसरा. म्हणून आधी एक नदी ठरवा. मी दोन्हीकडे गरवलं आहे, त्यावरून सांगतो.

हेन्रीज फोर्कचं नाव मोठं आहे आणि ते उगाच झालेलं नाही. हॅरिमन स्टेट पार्कमधला पट्टा, ज्याला सगळे अजून 'रँच'च म्हणतात, तिथलं पाणी रुंद, संथ आणि नितळ. फक्त फ्लाय, उलटा काटा नसलेला गळ, मासा परत पाण्यात. तिथला मोठा रेनबो ट्राउट घाई करत नाही. फ्लाय जवळ आली की तो वर उचलला जातो, तिच्याखालून वाहत वाहत मागे सरकतो, आणि सगळं बघून घेतो. त्या वेळात लीडरने (फ्लाय जिला बांधतात त्या बारीक, पारदर्शक दोरीने) फ्लायला बोटभर जरी ओढलं तरी तो शांतपणे खाली बसतो. मग लांब लीडर, 6 एक्स टिपेट (लीडरचं अगदी बारीक टोक), वरच्या अंगाने सोडलेली फ्लाय आणि पुन्हा वाट बघणं. एका माशापुढे सकाळ निघून जाते, आणि ज्याला हे आवडतं त्याला दुसरी नदी सुचवण्यात अर्थ नाही. हा पट्टा 15 जूनला उघडतो आणि महिनाअखेरीस ग्रीन ड्रेक हे मोठे पाणकिडे निघतात. त्या दिवसांत जाणार असाल तर डोळे मिटून रँचवर जा.

पण मुलांच्या शाळा आणि ऑफिसची रजा जमवताना आपल्यातले बरेच जण जुलैचा शेवट नाहीतर ऑगस्ट गाठतात. तेव्हा रँचवर जे होतं, त्यावरच माझा कौल ठरला: तरंगतं पाणगवत. तळाची वनस्पती तोवर भरपूर वाढलेली असते आणि तुटून वर येते. त्यात खालच्या बटाट्याच्या शेतांसाठी आयलंड पार्क धरणातून विसर्ग वाढला की आणखी सुटते. मासा ठरावीक लयीत वर येतोय, तुमची फ्लाय बरोबर त्याच्या रेषेत पडली आहे, आणि हातभर अंतर उरलं असताना एक हिरवा तंतू टिपेटच्या गाठीला लागतो. ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय, तिरकी होते, बुडते. ओढून घ्या, गाठ पुसा, पिसं सुकवा, परत टाका. परत तेच. जी नदी मुळात अगदी बिनचूक ड्रिफ्ट (फ्लायचं प्रवाहाबरोबर मोकळं वाहणं) मागते, तिथे निम्मा दिवस फ्लाय साफ करण्यात जावा हे मला फार लागतं. रोज ते सारखंच नसतं, सकाळी लवकर बरं असतं असाही अनुभव आहे. तरी ज्याला वर्षाकाठी हे दोनच दिवस मिळतात, त्याने हा ताप का सोसावा?

मॅडिसनवर क्वेक लेकच्या खालपासून लायन्स ब्रिजपर्यंतचा पट्टा घ्या. तिथे बोटीतून मासेमारी करता येत नाही, बोटीने आलात तरी उतरूनच टाकायचं. पायी गरवणाऱ्याला हे वरदान आहे, कारण लायन्स ब्रिजच्या खाली ड्रिफ्ट बोटींची रांग हटत नाही. पाणी वेगवान, दगडधोंड्यांचं. प्रत्येक मोठ्या दगडामागे एक शांत खळगा, आणि तिथल्या ट्राउटला विचार करायला क्षणभरच मिळतो. फ्लाय आली, घेतली किंवा गेली. ब्राउन आणि रेनबो दोन्ही, आणि दोन्ही नदीतच जन्मलेले. मॅडिसनवरच्याच अभ्यासानंतर मोंटानाने 1974 च्या सुमारास अशा नद्यांत हॅचरीत (मत्स्यपैदास केंद्रात) वाढवलेले मासे सोडणं बंद केलं. नव्वदच्या दशकात व्हर्लिंग डिसीज या माशांच्या रोगाने इथल्या रेनबोंची फार पडझड झाली, त्यातून नदी पुष्कळ सावरली आहे. ते पाहून मला तरी बळ येतं.

त्रास इथेही आहे. तळाचे गोटे गुळगुळीत आहेत, काठी हवीच. दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो तो लाइन कुठल्या कुठे नेतो. कडक उन्हाळ्यात पाणी तापलं तर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवण्याचा आदेश निघू शकतो, आणि तो पाळावा, माशांसाठीच आहे. पण वारा आणि ऊन दोन्ही दुपारचे. पहाटे निघा, एकपर्यंत आटपा. गवतासारखं ते प्रत्येक कास्टमध्ये आडवं येत नाही.

घरच्यांचं म्हणाल तर तिथे हेन्रीज फोर्क थोडी उजवी. बिग स्प्रिंग्जला वर्षभर 11 अंशांच्या आसपास राहणारं पाणी जमिनीतून उसळतं आणि पुलावरून मोठाले ट्राउट दिसतात. तिथे मासेमारीला बंदी आहे, त्यामुळे मासे निवांत असतात. आईला तिथून हलवणं कठीण झालं होतं. अप्पर मेसा फॉल्सही पाहण्यासारखा. मॅडिसनच्या बाजूला क्वेक लेक आहे: 17 ऑगस्ट 1959 च्या रात्री भूकंपाने डोंगर खाली आला, 28 माणसं गेली आणि नदी अडून हा तलाव झाला. पाण्यात उभी राहिलेली वाळकी झाडं अजून दिसतात.

जुलैअखेर किंवा ऑगस्ट असेल तर माझं मत मॅडिसन. पहिल्या दिवशी रेनॉल्ड्स पासच्या पुलाजवळ किंवा थ्री डॉलर ब्रिजला गाडी लावा, वरच्या दिशेने चालत जा, आणि पाण्यात उतरण्याआधी काठालगतचं पाणी गरवून घ्या. चांगले मासे पुष्कळदा तिथेच, गुडघाभर पाण्यात असतात.