पिकाचं पाणी मोजायला सेंटिनेल-२ की लँडसॅट?

सोलापूरसारख्या कोरड्या भागात घनमीटर पाण्यामागे किती किलो पीक आलं, हे काढायला आधी बाष्पोत्सर्जन (जमिनीतून आणि पानांतून हवेत उडून जाणारं पाणी) हवं. सेंटिनेल-२ हे उपग्रह साधारण दर ५ दिवसांनी चित्र देतात, त्यातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटरचा. हिरवेपणावरून पीक गुणांक (संदर्भाच्या तुलनेत पीक किती पाणी उडवतं तो आकडा) काढून संदर्भ बाष्पोत्सर्जनाने (हवामानावरून काढलेलं, भरपूर पाणी मिळालेल्या गवताचं) गुणायचं. सोपं, पण फसवं: पाण्याचा ताण पडला की पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मिटतात, पान मात्र काही दिवस हिरवंच दिसतं आणि पाण्याचा हिशेब फुगतो.

लँडसॅट ८ व ९ हे उपग्रह पृष्ठभागाचं तापमान टिपतात; रंध्रं मिटली की पान तापतं, म्हणून तो ताण लवकर सापडतो. अडचण आकाराची. औष्णिक (तापमानाचा) पिक्सेल मुळात १०० मीटरचा (३० मीटरची फाईल मिळते, तिला भुलू नये), एकराचं चौकोनी शेत जेमतेम ६४ मीटरचं. शेजारचा ऊस त्यात मिसळतो.

एका शेताच्या पाण्याच्या पाळीसाठी सेंटिनेल, कालव्याच्या लाभक्षेत्रासाठी लँडसॅट. ढगाळ खरिपात दोन्हींची बरीच चित्रं वाया जातात.