हेड ट्यूबखालचा ताजा रंग

इंदुरात सेकंडहँड माउंटन बाइक घ्यायचा विचार असेल, तर पैसे देण्याआधी एवढं वाचा. माझे 28 हजार गेले, ते जाऊ देत. माझा सोळा वर्षांचा भाचा थोडक्यात वाचला.

ऑनलाइन जाहिरात बघून फोन लावला. मी हिंदीतच बोलत होतो, आडनाव ऐकल्यावर समोरचा मराठीत आला. "काका, आपलीच माणसं तुम्ही, तुम्हाला का फसवीन?" मी तिथेच विरघळलो. भेटायला त्याने रामबागेजवळ दिवेलागणीची वेळ दिली. भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला, सायकल पडून आहे, बिल व्हॉट्सअॅपवर पाठवतो म्हणाला. गल्लीत चक्कर मारली. गिअर झकास पडत होते, डिस्क ब्रेकही उत्तम. पैसे "बहिणीच्या" खात्यावर मागितले, मी टाकले. बिल आजतागायत आलेलं नाही.

पावसाळा संपल्यावर आम्ही इंदूरजवळच्या पातालपाणीहून कालाकुंडकडे जंगलातल्या पायवाटेने निघालो. माळव्याचं पठार तिथे संपतं आणि विंध्याचा घाट सुरू होतो. वाटेत सुटे दगड, सागाची मुळं. पहिल्याच उतारावर भाचा ओरडला, "मामा, हँडल हलतंय!" नशीब, तो लगेच उतरला. हँडलखालच्या नळीवर, म्हणजे हेड ट्यूबवर, जोडाच्या अगदी जवळ, रंगाला केसाएवढी भेग पडली होती. नखाने खरवडली तर रंगाची पापडी निघाली, तिच्याखाली पुट्टी आणि पुट्टीखाली वेल्डिंगचे ओबडधोबड गोळे. फोनला रेंज नव्हती. सायकल ढकलत, कधी खांद्यावर घेत आम्ही चढण परत चढलो. पोरगा वाटभर गप्प होता.

इंदूरच्या मेकॅनिकने फ्रेम उलटी करून दाखवली. पॅडलच्या आसाखाली कोरलेला नंबर घासून टाकलेला. म्हणजे सायकल चोरीचीही असू शकते. त्याने समजावलं, की अॅल्युमिनियमच्या अशा फ्रेमला कारखान्यात तापवून मजबुती दिलेली असते. नंतर नुसतं वेल्डिंग केलं की जोडाच्या आजूबाजूचा भाग मऊ पडतो. डांबरी रस्त्यावर कळत नाही, दगडांवर दणके बसले की तिथेच तुटते. उतारावर तुटली असती तर पोरगं तोंडावर आपटलं असतं.

म्हणून सायकल भर उन्हात बघा. हेड ट्यूबच्या जोडांवरून बोट फिरवा. एकाच ठिकाणी रंग जाड किंवा जास्त चकचकीत लागला तर तिथूनच परत फिरा. खालचा नंबर बिलाशी जुळवा. विकणारा एक आणि खातं भलत्याच्या नावावर असेल तर एक रुपयाही टाकू नका. भाषेवर तर मुळीच जाऊ नका.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. विकणाऱ्याचा फोन बंद आहे. परवा एका जाहिरातीत दुसरी सायकल दिसली, फोन नंबर वेगळा. पण फोटोत मागे पहिल्या जाहिरातीतलीच निळी भिंत आणि तोच तुटका नळ. स्क्रीनशॉट लगेच ठाण्यात नेऊन दिला.