मंडईची पिशवी: नॉन-वोव्हन की मांजरपाट?

पातळ प्लास्टिक पिशव्या बंद करायचं ठरलं की सोसायटीच्या किंवा बचत गटाच्या बैठकीत दोन नमुने हमखास येतात: रंगीत नॉन-वोव्हन (न विणलेली) आणि साधी मांजरपाटाची, म्हणजे कोऱ्या सुती कापडाची. कागदी पिशवी पहिल्या ओल्या कोथिंबिरीलाच हार मानते, ती सोडून देऊ.

नॉन-वोव्हन स्वस्त पडते, छपाई ठसठशीत येते, भिजली तरी लगेच वाळते. मात्र दिसायला कापडासारखी असली तरी ती पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच. कोपरा कापून मेणबत्तीवर धरा, वितळून कडक गोळी होते. सुती कापडाची राख होते. ३० सप्टेंबर २०२१ पासून केंद्राच्या नियमानुसार नॉन-वोव्हन पिशवी किमान ६० जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाची लागते.

तरी जाडी चालेल एक वेळ, मला खटकतो तो बंद. बहुतेक नॉन-वोव्हन पिशव्यांचा बंद शिवलेला नसतो, दाबून वितळवून चिकटवलेला असतो. तीन-चार किलो कांदे-बटाटे भरून स्कूटरच्या हुकाला अडकवली की सांध्याच्या अगदी कडेला फाटते. शिवायला घ्यावी तर सुईची भोकं ओळीने पडतात आणि पुढच्या वेळी त्याच रेषेत ती उसवते. अशी पिशवी भंगारवालाही सहसा घेत नाही. रोजच्या उन्हात राहिली तर भुगा होतो तो वेगळाच.

मांजरपाटाचा बंद सुटला तर दोन टाके घालून काम भागतं. कापड आधी रात्रभर भिजवा, नाहीतर खळ निघून शिवलेली पिशवी आटते. ३६ इंच पन्ह्याच्या मीटरभर कापडात दोन पिशव्या होतात: १५ इंचांचे दोन आडवे तुकडे, उरलेल्यात ३ इंची दोन पट्ट्या. प्रत्येक पट्टी चार पदरी दुमडून, शिवून मधोमध कापली की एका पिशवीचे दोन्ही बंद तयार. तुकडा असा घेतला की तळाला घडी येते, शिवण नाही. आणि कापडाचा काठ तोंडाशी येतो, त्यामुळे धागे निघत नाहीत. बंद चौकोनात फुली मारून शिवा.

मासळी-मटणाला मात्र कापड नको, वास जात नाही. तिथे डबाच बरा. शिवाय कापूस पिकवायला पाणी लागतंच, त्यामुळे ज्या घरात चार पिशव्या पडून आहेत तिथे पाचवी फुकट वाटण्यापेक्षा भाजीवाल्याकडे ठेव घेऊन ठेवलेल्या बऱ्या. पिशवी परत केली की पैसे परत.